पुष्कळांचे सुख मोजायचे कसे?

टिळकांच्या 'गीतारहस्या'त अमेरिकेतल्या ट्रामची एक हकिगत आहे. एका मोठ्या शहराला ट्रामची गरज होती, पण सरकारी परवानगी काही केल्या मिळेना. कंपनीच्या व्यवस्थापकाने अधिकाऱ्यांचे हात ओले केले. परवानगी लगोलग मिळाली, ट्राम धावू लागली, लोकांची सोय झाली. पुढे लाचेचे बिंग फुटले आणि व्यवस्थापकावर खटला भरला गेला. टिळकांचे म्हणणे असे की कृत्याचा बरेवाईटपणा फक्त 'पुष्कळांच्या पुष्कळ सुखा'वरून ठरवायचा असेल, तर लाच देऊन आणलेली ट्राम आणि रीतसर आणलेली ट्राम यांत फरक करता येणार नाही. फरक तर आपण सगळेच करतो. तेव्हा कर्त्याची बुद्धी पाहिल्याशिवाय नीतीचा निर्णय होत नाही.

'पुष्कळांचे पुष्कळ सुख' हीच कसोटी मानणाऱ्या उपयुक्ततावादावर मराठीत झालेल्या टीकेत ही टीका मला सर्वांत नेमकी वाटते. पण उपयुक्ततावादी माणूस एवढ्यावर शस्त्र खाली ठेवणार नाही. तो म्हणेल, तुम्ही हिशेब अर्धाच केलात. ट्राम धावली हा एक परिणाम झाला. लाच घेतलेला अधिकारी पुढच्या अर्जदाराकडूनही पैसे मागणार, पैसे नसलेल्याची चांगली योजना पडून राहणार, लाचेची रक्कम तिकिटातून वसूल होणार, नियम पाळणारे मूर्ख ठरणार. हे सगळे मांडा आणि मग सांगा बेरीज काय येते ती.

टिळकांचा प्रश्न याने मिटत नाही, कारण ते बुद्धीबद्दल बोलत आहेत आणि हा परिणामांबद्दल. तरी या उत्तरातून उपयुक्ततावाद चालतो कसा, ते दिसायला लागते. कृत्य शास्त्रात सांगितले आहे का, वाडवडील करत आले का, करणाऱ्याचे मन शुद्ध होते का, हे प्रश्न तो मागे सारतो. कृत्यामुळे जगात काय घडले, एवढेच तो आधी विचारतो. जे घडले त्यातही अंतिम मोल एकाच गोष्टीला देतो, ती म्हणजे सुख वाढणे आणि दुःख कमी होणे. पैसा, कीर्ती, ज्ञान, स्वातंत्र्य यांना किंमत आहे, पण ती त्यांच्यातून मिळणाऱ्या सुखामुळे. आणि हे सुख मोजताना कोणाचे ते पाहायचे नाही. जमीनदाराच्या आनंदाला त्याच्या गड्याच्या आनंदापेक्षा गुंजभरही जास्त वजन नाही.

हा शेवटचा भाग आज गुळगुळीत वाटतो. ज्या काळात तो मांडला गेला, त्या काळी तो स्फोटक होता. जेरेमी बेंथमचा जन्म १७४८ चा, लंडनचा. वकिलीचे शिक्षण घेऊन त्याने वकिली केली नाही. कायदा जसा होता तो पाहून त्याला शिसारी आली. किरकोळ चोरीलाही फाशी देता येईल असे कायदे तेव्हा इंग्लंडात होते. बेंथमचे म्हणणे साधे होते. शिक्षा म्हणजेसुद्धा दुःख. सरकारने ते मुद्दाम निर्माण करायचे, तर त्यामुळे त्याहून मोठे दुःख टळते असे दाखवता आले पाहिजे. दाखवता येत नसेल तर ती शिक्षा हाच एक अपराध. १७८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या मुख्य ग्रंथाच्या नावातच नीती आणि कायदा शेजारीशेजारी बसले आहेत. जास्तीत जास्त लोकांच्या जास्तीत जास्त सुखाची कल्पना त्याच्या आधीही होती. हचिसनने ती १७२५ मध्ये मांडली होती, इटलीत बेकारियाने ती शिक्षांच्या विचाराला जोडली होती. बेंथमने तिच्यातून हिशेबाची पद्धत तयार केली.

ही पद्धत एखाद्या उदाहरणावर चालवून पाहू. गणेशोत्सवात मंडळाचा ध्वनिक्षेपक रात्री किती वाजेपर्यंत चालू ठेवावा? बेंथम सात गोष्टी पाहायला सांगतो. सुख वा दुःख किती तीव्र आहे: नाचणाऱ्या पोरांचा आनंद मोठा, पण समोरच्या खोलीतल्या हृदयरोग्याचे हाल त्याहून तीव्र. किती वेळ टिकणार: आनंद दोनतीन तासांचा, ज्याची झोप मोडली त्याचा दुसरा दिवसही वाया. कितपत खात्रीचे आणि किती जवळचे: इथे दोन्ही बाजू सारख्याच, सगळे आत्ताच आणि नक्की घडणारे. त्या सुखातून पुढे आणखी सुख उपजणार का: गल्लीतली माणसे एकत्र येतात, ओळखी होतात, अडीअडचणीला उपयोगी पडतात, हे मंडळाच्या बाजूने जमेस धरावेच लागेल. त्याच्या पोटात दुःख दडले आहे का: कानांचे नुकसान, शेजाऱ्यांतली तेढ. आणि शेवटी, किती माणसांपर्यंत पोचते: नाचणारे दोनशे असतील, तर आवाजाच्या टप्प्यात येणारे दोन हजार असतात.

आकडे कुठून आणायचे, हा प्रश्न वाचकाच्या ओठांवर आला असेल. बेंथमलाही तो सुटला नव्हता. प्रत्येक कृत्याआधी असा हिशेब कोणी करणार नाही, हे त्याने स्वतःच कबूल केले आहे. पण हिशेब पूर्ण झाला नाही तरी एक काम होतेच. काय काय पाहायला हवे, ते समोर येते. समोरच्या खोलीतला रोगी मंडळाच्या बैठकीला नसतो. या पद्धतीत त्याला बोलवावेच लागते.

आणखी एक गोष्ट इथेच दिसते. दर रात्री, दर मंडळाने, नव्याने हिशेब करायचा ठरवला तर प्रत्येक जण आपल्या बाजूनेच पारडे झुकवणार. म्हणून उपयुक्ततावाद्यांतल्या एका पंथाचे म्हणणे असे की परिणाम एकेका कृत्याचे मोजू नका, नियमाचे मोजा. कोणता नियम सगळ्यांनी पाळला तर एकूण सुख जास्त राहील, ते ठरवा आणि मग तो पाळा. आपल्याकडचे २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम नेमके असे आहेत. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. पण सांस्कृतिक वा धार्मिक उत्सवासाठी राज्य सरकार वर्षातले फार तर १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. या १५ च्या आकड्यात कोणतेही दैवी सत्य नाही. उत्सवाचा आनंद आणि झोपेचा हक्क यांतली ती तडजोड आहे, आणि तडजोड म्हणून ती वाईट नाही.

बेंथमचा हिशेब काही ठिकाणी त्याच्या काळाच्या फार पुढे गेला. प्राण्यांचा विचार करताना त्याने बुद्धी आणि वाणी हे निकष बाजूला सारून त्यांना वेदना होते का, एवढेच विचारले. पुरुषा-पुरुषांतल्या संबंधांना तेव्हा इंग्लंडात फाशीची शिक्षा होती. यात इजा कोणाला होते, असे विचारत बेंथमने १७८५ च्या सुमारास त्यावर दीर्घ निबंध लिहिला, पण छापायचे धाडस केले नाही. तो छापला गेला १९७८ मध्ये. बेंथमच्या सूत्रबद्ध कायद्याच्या कल्पनेचा प्रभाव ज्या भारतीय दंडसंहितेवर होता, मेकॉलेने जिचा मसुदा १८३७ मध्ये तयार केला आणि जी १८६० मध्ये मंजूर झाली, तिच्यात अशा संबंधांना गुन्हा ठरवणारे ३७७ वे कलम मात्र आलेच. गुरूची शिस्त घेतली, हिशेब घेतला नाही.

बेंथमचा मित्र जेम्स मिल याने आपल्या मुलाला याच तत्त्वांवर वाढवले. जॉन स्टुअर्ट मिल तीन वर्षांचा असताना ग्रीक शिकू लागला आणि विसाव्या वर्षी, १८२६ मध्ये, कोसळला. आपल्याला हव्या असलेल्या सगळ्या सुधारणा आज झाल्या तर आपण सुखी होऊ का, असे त्याने स्वतःला विचारले आणि उत्तर 'नाही' असे आले. सावरल्यावर त्याने ठरवले की सुखाच्या मागे थेट धावून ते मिळत नाही; दुसऱ्या कशात तरी जीव ओतावा, सुख वाटेत भेटते. बेंथमच्या हिशेबात दोन सुखे तेवढीच तीव्र, तेवढीच टिकाऊ असतील तर तेवढ्याच मोलाची. मिलने १८६१ मध्ये त्यात दुरुस्ती केली. सुखांना प्रतही असते, आणि दोन्ही अनुभवलेली माणसे ज्याला पसंती देतात ते वरच्या प्रतीचे. ही दुरुस्ती माणसाच्या अनुभवाला धरून आहे, हिशेबाला मात्र ती मारक आहे. शेर आणि गज एकत्र मिळवायचे कसे, ते मिलने सांगितले नाही. पुढे आगरकरांच्या पिढीने मिल वाचला. विधवांच्या केशवपनाबद्दल लिहिताना आगरकर रूढीला विचारतात की तुझ्यामुळे कोणाचे भले झाले. ही विचारण्याची रीत त्या वाचनातली.

आता या तत्त्वाचा पुण्याशी आलेला संबंध पाहू. तो बराच थेट आहे आणि फारसा सांगितला जात नाही.

जेम्स मिल १८१९ पासून ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत होता. मुलगा १८२३ मध्ये तिथेच लागला आणि १८५८ पर्यंत राहिला. दोघांपैकी एकानेही हिंदुस्थानात पाऊल ठेवले नाही. थोरल्या मिलकडे महसुलाचा पत्रव्यवहार होता, आणि महसुलाबद्दल त्याचे मत रिकार्डोच्या खंडाच्या सिद्धांतावर उभे होते. चांगल्या जमिनीतून मशागतीचा खर्च, मजुरी आणि भांडवलावरचा साधारण नफा वजा जाता जे उरते, तो खंड. तो कोणाच्या श्रमाचे फळ नाही, जमिनीच्या कसाचे फळ आहे. सरकारने कर फक्त त्यातून घेतला तर शेतकऱ्याचे श्रम कमी होणार नाहीत, धान्य महाग होणार नाही, कोणाचे दुःख वाढणार नाही. उलट बसून खाणारा जमीनदार वर्ग तयार होणार नाही. सुखाच्या हिशेबात याहून निर्दोष कर सापडणे कठीण. कागदावर हा युक्तिवाद आजही देखणा दिसतो.

पेशवाई १८१८ मध्ये गेली होती आणि दख्खनचा महसूल नव्याने बसवायचा होता. आर. के. प्रिंगल हा तरुण अधिकारी हेलीबरीच्या कॉलेजात माल्थसकडे अर्थशास्त्र शिकून आला होता. १८२० च्या दशकाच्या अखेरीस पुणे भागात त्याने पाहणी हाती घेतली. शेते मोजायची, जमिनीची प्रत लावायची, प्रत्येक प्रतीच्या जमिनीतून सरासरी पीक किती निघते ते काढायचे, त्यातून बैल, बियाणे, खत, मजुरी यांचा खर्च वजा करायचा, आणि निव्वळ उरते त्याच्या ५५ टक्के सरकारचे. उरलेले ४५ टक्के रयतेचे, म्हणजे सिद्धांतापेक्षा हात सैलच सोडला होता.

पण काळ्या जमिनीतून चांगल्या वर्षी किती आणि दुष्काळी वर्षी किती, हे कोणाला ठाऊक होते? शेतकऱ्याने स्वतःच्या घरच्या माणसांची मजुरी कधी लिहून ठेवली नव्हती. मोजणीदार कारकून कमी पगारात गावोगाव फिरत होते; कोणाची बरड जमीन कागदावर काळी व्हायची आणि कोणाची काळी बरड, हे हातावर काय पडते त्यावर ठरत होते. वरून पिकांनी दगा दिला आणि भाव पडले. निव्वळ उत्पन्नाचा आकडा कागदावर नेटका येत राहिला आणि त्यावर बसवलेला सारा लोकांना झेपेना. बाकी साचत गेली, रयत जमिनी टाकून गेली, लागवडीची शेते ओस पडली.

१८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात काम नव्याने सुरू केले, तेव्हा त्यांनी निव्वळ उत्पन्न काढायचा नाद सोडून दिला. जमिनीची खोली, पोत आणि दोष पाहून तिची तुलनात्मक प्रत आण्यांत लावायची. साऱ्याची एकूण पातळी मात्र पूर्वीच्या वर्षांत प्रत्यक्ष किती वसूल झाले, लोकांनी किती सोसले, यावरून आणि अनुभवी अंदाजाने ठरवायची. ती कमी ठेवायची आणि ३० वर्षे बदलायची नाही. सिद्धांताच्या दृष्टीने हा अडाणीपणाच. इंदापुरात लागवड मात्र परत वाढली. पुढच्या फेरआकारणीच्या वेळी दर पुन्हा चढले, सावकारी कर्जाची त्यात भर पडली आणि १८७५ मध्ये सुप्यापासून दंगे पेटले, ती हकिगत वेगळी आहे.

उपयुक्ततावादाला लोक निष्ठुर म्हणतात. प्रिंगलच्या पाहणीत मला निष्ठुरपणा दिसत नाही. त्याला रयतेचे भलेच करायचे होते. अडचण अशी की या नीतीला माहितीची भूक फार मोठी आहे. परंपरेने वागणाऱ्याला परिणाम ठाऊक नसले तरी चालते. परिणामांवर सगळा भार टाकणाऱ्याला ते ठाऊक असावेच लागतात, आणि ज्यांना ते ठाऊक असतात ते बहुधा मोजणीच्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूला उभे असतात. इंदापूरचा धडा काही उपयुक्ततावादाच्या विरुद्ध जात नाही. लोकांनी जमीन टाकली की नाही, हे पाहणे म्हणजेसुद्धा परिणामच पाहणे. फक्त तो परिणाम आधी तर्काने काढलेला नव्हता, नंतर शिवारात जाऊन पाहिलेला होता.

माहिती पुरेपूर मिळाली असे धरले तरी दुसरी अडचण उरते, आणि तीही टिळकांनी हेरली होती. कौरवांकडे अकरा अक्षौहिणी सैन्य, पांडवांकडे सात. पुष्कळांचे सुख हीच कसोटी असेल तर पांडवांनी लढायलाच नको होते. उपयुक्ततावादी म्हणेल की मोजायची ती डोकी नव्हेत, सुखदुःखाची एकूण बेरीज. आणि दुर्योधनाच्या राज्यात प्रजेचे काय झाले असते तेही मोजा. हे उत्तर चुकीचे नाही. पण बेरजेचा स्वभावच असा की ती कोणाच्या ताटातून काय गेले ते विसरते. दहा हजार माणसांना थोडे थोडे सुख देऊन एकाचे घरदार गेले तरी बेरीज जमेची येऊ शकते. एक माणूस आजचा त्रास उद्याच्या आपल्याच सुखासाठी सोसतो, ते शहाणपण. एकाने सोसायचे आणि दुसऱ्याने भोगायचे, याला तोच तर्क लावता येत नाही, असे जॉन रॉल्सने १९७१ मध्ये मांडले, आणि तेव्हापासून उपयुक्ततावादाला याचे उत्तर देत बसावे लागले आहे.

मुळशीच्या लोकांना हे रॉल्सच्या पन्नास वर्षे आधी कळले होते. मुळा आणि निळा नद्यांच्या संगमावर टाटांच्या वीज कंपनीने धरण बांधायचे ठरवले ते मुंबईच्या गिरण्या आणि रेल्वे यांच्यासाठी. एका पारड्यात मुंबईची वीज, कोळशाचा वाचणारा धूर, हजारोंचा रोजगार. दुसऱ्यात मावळातली पन्नासेक गावे आणि त्यांची भातखाचरे. १९२१ च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले ते इथेच. विजेचा फायदा मावळे नाकारत नव्हते. त्या फायद्याची किंमत आपणच का भरायची, हा त्यांचा प्रश्न होता. शिवाय जमीन कसणारे मावळे आणि कागदावर मालक असलेले सावकार यांचे हित एक नव्हते, हे मोबदल्याची बोलणी सुरू झाल्यावर उघड झाले. मोबदला मालकाला मिळतो. कुळाचे दुःख हिशेबाच्या कोणत्या रकान्यात लिहायचे? १९२४ पर्यंत लढा ओसरला, आणि धरण झाले.

याच नीतीचा दुसरा चेहराही पाहायला हवा, नाहीतर तिच्यावर अन्याय होईल. ती फक्त दुबळ्यांकडून त्याग मागत नाही. १९७१ मध्ये पूर्व बंगालमधून निर्वासितांचे लोंढे भारतात येत होते, तेव्हा पीटर सिंगरने लिहिलेला आणि पुढच्या वर्षी छापून आलेला निबंध सुखवस्तू पाश्चात्त्य वाचकाला विचारतो की समोरच्या डबक्यात मूल बुडत असेल तर कपडे खराब होतील म्हणून तुम्ही थांबाल का. नाही ना? मग दूरच्या छावणीतले मूल दूर आहे एवढ्याच कारणाने कमी कसे मोजायचे? इथे सगळ्यांना एकच माप लावण्याचा नियम ताकदवानाच्या खिशाला हात घालतो. किती द्यावे याला त्या तर्कात सोयीची मर्यादा सापडत नाही, अशी तक्रार लगेच झाली. ही तक्रार करणारे बहुतेक जण देणाऱ्यांच्या बाजूचे होते, हे नमूद करायला हरकत नाही.

आपल्याकडे २०१३ चा भूसंपादन कायदा एकूण बेरीज आणि सोसणाऱ्याचे म्हणणे या दोन्ही बाजू सांभाळायला पाहतो. प्रकल्पाचे फायदे त्याच्या सामाजिक किमतीपेक्षा जास्त आहेत का, हे तपासायला तो सामाजिक परिणामांचा अभ्यास करायला लावतो. हा शुद्ध बेंथम. पण बेरीज जमेची आली तरी पुरत नाही. खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर बाधित कुटुंबांपैकी ८० टक्के, सरकारी-खासगी भागीदारी असेल तर ७० टक्के लोकांची संमती लागते. सरकार स्वतःसाठी घेते तेव्हा संमतीची ही अट नाही. अभ्यास तपासणाऱ्या तज्ज्ञ गटाने किंमत फायद्याहून जास्त असल्याचे सांगितले, तरी सरकारला लेखी कारणे नोंदवून पुढे जाता येते. आणि सिंचन प्रकल्पाला पर्यावरण परिणामांचा अभ्यास अन्य कायद्याने लागत असेल, तर तिथे सामाजिक परिणामांच्या अभ्यासाची तरतूद लागूच होत नाही.